माझ्याच दारावर मी डकवलेली नोटीस

मी चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण पाचवीने मला ठेवून घेतलं नाही. ह्या अंकाच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा." मी म्हटलं, बाई, नोकरीत मी कधी काही लिहिलं नाही. लिहायचे ते ग्रामसेवक. मी डकवायचो. तर त्या डकवण्याचंच सांगतो. शुद्धलेखन तुम्ही बघा.

तीस वर्षांच्या वर मी आमच्या ग्रामपंचायतीत शिपाई होतो. मालवणहून धामापूरकडे निघालात की आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या दारांवर मी डकवलं ते अजून जिवंत आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. शिपाई म्हणजे नळाचं पाणी सोडणारा, रस्त्याचे दिवे बघणारा, घरपट्टीसाठी दारोदार फिरणारा आणि नोटीस पोचवणारा. माणूस नोटीस हातात घेत नसेल तर ती दारावर डकवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, झालं काम. पण डकवायला काहीतरी लागतं. सरकारी गोंदाची बाटली वर्षातून एकदा यायची आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरायची. म्हणून माझी बायको तांदळाच्या पिठाची खळ शिजवून द्यायची. तिची खळ अशी, की दार कुजेल पण कागद सुटायचा नाही. गावात दोन-तीन दारांवर ते चौकोन अजून दिसतात.

ती गेल्या वर्षी गेली. शिमगा झाला आणि गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसताना तुम्हाला अवघडायला नको. तिलाही ते आवडलं नसतं.

आता नियम सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, घर आपलं, त्यात काय करायचं ते आपण बघू. तसं नसतं. पंचायतीच्या रजिस्टरात प्रत्येक घराला नंबर असतो आणि त्यापुढे लिहिलेलं असतं, राहतं घर. राहत्या घरात राहायचं. जेवा, झोपा, भांडा. पण पैसे घेऊन दुसऱ्याला जेवू घातलंत की ती खाणावळ झाली, झोपू दिलंत की लॉज झाला. भांडायला मात्र दाखला लागत नाही.

घरात धंदा करायचा तर पंचायतीचा ना हरकत दाखला हवा. त्यासाठी शेजाऱ्यांची संमती हवी, आणि जमीन सामायिक असली तर सगळ्या हिस्सेदारांची. आमचं कोकण मार खातं ते इथे. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं असतात, की वाचून होईपर्यंत चहा निवतो. त्यातली अर्धी माणसं मुंबईला आणि चार-पाच देवाघरी. संमत्या गोळा झाल्या की ग्रामसेवक येऊन जागा बघतो. आवाज किती, धूळ किती, सांडपाणी कुठे जातं, गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागतात. त्याचा पंचनामा होतो, सभेत ठराव होतो आणि मग दाखला मिळतो. मध्ये एकाने जरी हरकत घेतली तरी गाडा अडतो.

लोक नियम मोडत नसत, नियमाला बगल देत. आमच्या खालच्या वाडीत दाजी म्हणून एकजण आहे. पर्यटक यायला लागले तेव्हा त्याने पडवीला दोन खोल्या काढल्या आणि आंघोळीच्या गरम पाण्यासकट भाड्याने द्यायला सुरुवात केली. दाखला नाही, काही नाही. मी नोटीस घेऊन गेलो तर पडवीत पुण्याची मंडळी पोहे खात बसलेली.

"दाजी, हे कोण?"

"माझो साडू."

बरं, म्हटलं. आठ दिवसांनी परत गेलो तर दुसरीच मंडळी.

"हे कोण?"

"ह्यो पण साडू."

तिसऱ्या खेपेला कोल्हापूरची गाडी उभी होती. मी मुलींचा हिशोब विचारला, "दाजी, तुझ्या सासऱ्याक चेडवां कितकी?"

"देवाची कृपा आसा," दाजी म्हणाला आणि मलाही पोह्यांची बशी दिली. मी खाल्ली. नोटीस दिली ती पोहे संपल्यावर. दाजीने पुढच्या वर्षी रीतसर दाखला घेतला, पण आजही गाडी दारात उभी राहिली की वाडीतली पोरं ओरडतात, "दाजीकाका, साडू इले!"

दुसरे हुसेनभाई. बंदराकडच्या मोहल्ल्यात त्यांचं घर, पुढच्या खोलीत शिवणाची मशीन. माणूस मला आठवतो तेव्हापासून शिवतोय. एकदा चौघांनी अर्ज दिला की भर वस्तीत धंदा चालतो, रस्त्यात गाड्या लागतात. मी त्या चौघांना घेऊन हुसेनभाईंकडे गेलो. हुसेनभाईंनी चष्मा वर केला, सगळ्यांना बघून घेतलं आणि पुढच्याकडे बोट करून म्हणाले, "तक्रार करा, हरकत नाही. पण तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय, काढून ठेव, जाताना लावून देतो." चौघांपैकी तिघांच्या अंगावर त्यांनीच शिवलेले शर्ट होते. अर्ज तिथेच मागे घेतला गेला. चौथा रेडीमेडवाला होता. तो एकटा किती वेळ उभा राहणार?

आता मूळ गोष्ट. माझ्या घरची.

बायकोला मसाल्याचं फार. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाचा मसाला करतात. मिरच्या, धणे, गरम मसाला उन्हात वाळवायचा, भाजायचा आणि दळून बरण्यांत भरायचा. त्या वेळी दळायला मालवणला जावं लागायचं. डोक्यावर पिशवी, एसटीची वाट, गिरणीत रांग. एक दिवस ती म्हणाली, मशीन घेऊया, आपल्याच पडवीत घालूया. मी म्हटलं, घे. पंचायतीत नोकरी करणारा मी, पण दाखल्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्याचं घर बघण्याची सवय लागली की आपलं घर नियमात बसतं असं वाटायला लागतं. ही चूक माझी.

मशीन आली आणि पहिल्याच दिवशी सगळी वाडी शिंकली. आमच्या उगवतीला बाबल राहतो. माझा चुलतभाऊ, माझ्याहून धाकटा, जमीनही त्याची-माझी सामायिक. मुंबईची नोकरी करून परत आलेला आणि येताना दमा घेऊन आलेला. त्याने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी पंचायतीत अर्ज दिला. राहत्या घरात विनापरवाना मिरची दळतात, श्वास घेता येत नाही. अर्जात एक शब्द खोटा नव्हता.

ग्रामसेवकांनी नोटीस काढली आणि माझ्याकडे दिली. खाली मान घालून म्हणाले, "पोचवायची तर तुम्हालाच पोचवावी लागणार." मी घरी आलो. ती दारापुढच्या खळ्यात धणे पाखडत होती.

"ह्या काय?"

"नोटीस."

"कोणाक?"

"तुका."

"मगे वाचून दाखवा. माझो चष्मो गावत नाय."

मी उभं राहून वाचली. आपणांस कळविण्यात येते की आपण राहत्या घरात, वगैरे. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "शिपाय म्हणान इलास काय घोव म्हणान?"

"आत्ता शिपाय."

"मगे शिपायाक च्याय गावतली. जेवाण गावचा नाय."

आणि खरंच पाहुण्यांच्या कपातून चहा आणून दिला. नोटीस काही हातात घेईना. मग नियमाप्रमाणे मी ती दारावर डकवली. खळ तिनेच सकाळी शिजवलेली. दोन पंच सह्या करताना खाली बघून हसत होते. मी मात्र त्या दिवशी हसलो नाही. गावभर दारं रंगवली, तेव्हा कोणाला काय वाटत असेल हे मला पहिल्यांदा कळलं. पुढे कित्येक महिने मी आमच्याच घरात मागच्या दाराने ये-जा केली.

मशीन बंद. संमत्या गोळा करायला लागलो. हिस्सेदार मुंबईला, म्हणजे चतुर्थीशिवाय गाठ नाही. गणपतीत सगळे आले. आरती झाली की मी देवाला नमस्कार करायचो आणि स्टॅम्पपेपर पुढे करायचो. एकाने सही केली नाही, म्हणाला, विचार करतो. गणपती गेल्यावर बायकोने त्याला सुरमईचा मधला तुकडा वाढला आणि त्याचा विचार झाला. सगळ्यांच्या सह्या मिळाल्या. राहिला बाबल. तो म्हणाला, "स्थळपाहणीक येतंय. थयसरच काय तां बोलतंय."

पाहणीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, म्हणजे शिपाई नव्हे, नवरा म्हणून उभा राहता येईल. ग्रामसेवक आले, सरपंच आले, पंच आले, वाडीची सगळी माणसं खळ्यात जमली. बाबल तोंडाला पंचा बांधून एका कडेला उभा. मशीन चालू करून दाखवायची होती. बटणावर हात ठेवणार, इतक्यात बायकोने केळीच्या पानावर नारळ आणून ठेवला आणि मला म्हणाली, "गाऱ्हाणां घाला."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नारळ ठेवल्याशिवाय काही सुरू होत नाही. घरातल्या मोठ्याने देवाला मोठ्या आवाजात सांगायचं, काय चाललंय आणि काय हवंय. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. दर वाक्याला भोवतीच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. रांगत असल्यापासून कानावर पडतं आणि तोंडातून आपोआप येतं.

मी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुज्या लेकरान पोटापाण्यासाठी ही मशीन लायल्यान आसा!"

"व्हय म्हाराजा!"

मला सुचत गेलं. मी आवाज चढवला. "ह्या कामाक जर कोणाची काय हरकत आसात, तर ती आज हयसरच मिटवन टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज बाबलचा. पंच्यातूनसुद्धा खणखणीत आला.

ग्रामसेवकांचं पेन थांबलं. सरपंच म्हणाले, "बाबल, काय म्हटलंस तू?"

बाबलने नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हटलंय तां म्हटलंय. देवाफुडे म्हटल्यार आता फिरू काय? लिवा, हरकत नाय."

असा आमचा दाखला झाला. ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल त्याला गणती नाही. लग्नात, बारशात, पंचायतीच्या बाकावर. एका गाऱ्हाण्यात हरकतदाराला गुंडाळला. माणसं पोट धरून हसायची. बायको तिथेच असायची, काहीतरी निवडत, सोलत. ती मान खाली घालून हसायची. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक वाटतंय.

मशीन पुढे वर्षानुवर्षं चालली. ती सकाळी लवकर सुरू करायची आणि दहा-अकराला बंद. बायका रांगेत असल्या तरी बंद. म्हणायची, "आता उद्या." मी समजायचो, जेवण करायचं असतं म्हणून.

ती गेली आणि मशीन तशीच राहिली, वर चादर घालून. मुलगा गोव्यात असतो. तो म्हणाला, "बाबा, विकून टाका. गंजून जाईल." कुडाळचा एकजण बघूनही गेला, वैशाखात नेतो म्हणाला. मी हो म्हटलं. पण यंदा चैत्र लागला तशा वाडीतल्या बायका फाटकाशी यायला लागल्या. "नाना, औंदा मसालो खंय दळूचो?" मालवणला जा, म्हटलं. त्या जात नव्हत्या. पिशव्या घेऊन उभ्या राहायच्या, चादरीकडे बघायच्या आणि परत जायच्या. मला ते बघवेना. मशीन कुडाळला गेली तर घरात तिचं काही चालू उरणार नव्हतं. फोटोला हार आहे, पण हार काही काम करत नाही.

म्हणून पंचायतीत गेलो. आता तिथे नव्या बाई आहेत, घाटावरच्या, चांगल्या आहेत. त्यांनी कॉम्प्युटरात बघितलं.

"आजोबा, दाखला आजींच्या नावावर आहे. त्यांनाच सहीला घेऊन या."

"आणली असती," मी म्हटलं. "पण ती येण्यासारखी नाय."

बाईंना कळलं. त्यांनी जीभ चावली. मग हळू म्हणाल्या, "मग मृत्यूचा दाखला जोडा. आणि आजींचं नाव कमी करण्याचा अर्ज द्या. शेजाऱ्यांची संमती नव्याने लागेल."

नाव कमी करणे. हे शब्द मी तीस वर्षं लोकांना सांगितले. बारावं झालं की दारात जाऊन सांगायचो, "नाव कमी करून घ्या हां, घरपट्टीला अडचण येईल." मीठ मागावं तसं सांगायचो. एकदा तरी दोन दिवस थांबायला हवं होतं. आता कोणाची माफी मागू? निम्म्यांची नावंही पुढे मीच कमी करायला लावली.

कागद घेऊन बाबलकडे गेलो. तो पडवीत बसला होता, दम लागलेला, पण बरा होता. मी जाता जाता ठरवलं होतं, ह्या वेळी नारळ नाही, गाऱ्हाणं नाही. सरळ बोलायचं.

"बाबल, मशीन परत लावचा म्हणतंय. तू नको म्हटलंस तर नको. कुडाळवालो घेवन जातलो. मागच्या वेळी मी तुका फसवलंय, तां माका म्हायत आसा."

बाबलने मान वर केली. "तू फसवलंस? कधी?"

"गाऱ्हाण्यात. तुझ्या तोंडातसून व्हय म्हाराजा काढून घेतलंय."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. पाणी दिलं तेव्हा थांबला.

"नाना, तू काय समजतंस, माका सवय म्हणान तां तोंडात इला? आदल्या दिवशी वयनी इल्ली माज्याकडे."

"कोण, ही?"

"व्हय. म्हणाली, भावजी, तुमचो दमो मी बघलंय. मतलय आसा तवसर मशीन लायन. खारो वारो सुटलो काय बंद. देवाशप्पत."

सांगायला हवं की सकाळी आमच्याकडे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दिवस चढला की समुद्रावरून उलटा खारा वारा सुटतो. बाबलचं घर उगवतीला. म्हणजे सकाळी धूळ त्याच्यापासून लांब जाते आणि दहा-अकरानंतर सरळ त्याच्या पडवीत. ती जेवण करायला मशीन बंद करत नव्हती.

"मगे सरळ सही कित्याक नाय केलंस?" मी विचारलं.

"मी करी होतंय. वयनीच नको म्हणाली. म्हणता, नोटीस डकवल्यापासून ह्यांचा तोंड उतारला आसा, मागल्या दारान येतत-जातत. मी नारळ ठेवतंय, तेंका गाऱ्हाणां घालूक सांगतंय. तुमी व्हय म्हाराजा म्हणा. तेंका वाटांदे, तेंच्यामुळे झाला."

मी मग म्हटलं, "आणि इतकी वर्सां माझी गोष्ट ऐकत बसलंस?"

"वयनी गप रवली, मगे मी कित्याक बोलतलंय?"

त्याने कागद ओढून घेतला, सही केली आणि बोट रोखून म्हणाला, "पण वाऱ्याचा कागदार लिव. तुजो भरवसो नाय. वयनीचो होतो."

पंचायतीतल्या बाईंना वाऱ्याचा रकाना सापडेना. "आजोबा, वेळ सांगा. किती ते किती?" मी म्हटलं, वाऱ्याला घड्याळ नसतं. शेवटी त्यांनी शेऱ्यात लिहिलं, खारा वारा सुरू होईपर्यंत. असा दाखला जिल्ह्यात दुसरा नसेल. नाव कमी करण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला. अक्षर वाईट आलं, ते तसंही वाईटच आहे.

कुडाळवाल्याला फोन करून नाही म्हणालो. मुलगा ओरडला, मग मशीनला नवा पट्टा घेऊन आला.

पहिल्या दिवशी पाच बायका होत्या. सगळ्यात पुढे वरच्या वाडीतली शालू. मी चादर काढली, मशीन लावली, मिरच्या ओतल्या. दोघीजणी शिंकल्या, मी शिंकलो. मसाला खाली पडला. शालूने बोटात चोळून बघितला.

"नाना, ह्यो मसालो काय रवो?"

जाळी चुकली होती. धण्याची जाड जाळी आत राहिलेली.

"काकीन असो कधी दिल्यान नाय," मागून एक म्हणाली.

"ती आसती तर मी हयसर कित्याक उभो रवलो असतंय?" मी खेकसलो.

शालूच आधी हसली आणि बाकीच्या सुटल्या. मीही हसलो. घरात माणसं एकत्र हसल्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"बारीक जाळी लावा आणि परत घाला," शालू म्हणाली. "काकी दोनदा काढी."

दोनदा काढायची हे मला माहीत नव्हतं. जाळी बदलली, परत घातला. ह्या वेळी लालभडक, मऊ पडला. शालूने चिमूटभर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, पाचवीच्या निकालाकडे बघावं तसा.

"जमतला तुमका," ती म्हणाली. "उद्या माझ्या भावजयीक पण घेवन येतंय."

मी दुसऱ्या बाईची पिशवी उचलली.